दोन वह्या, एक डोंगर आणि सात बंद मशिनी

"सेवा करायला सोलापुरात माणसं कमी पडली का रे तुला?"

हे आमच्या आत्याचं वाक्य. उपासना सुटल्या सुटल्या, चर्चच्या दारात, सगळ्या मंडळींसमोर. मी नुकतंच जाहीर केलं होतं की गड्ड्याची यात्रा संपली की मी टांझानियाला जाणार, तिथल्या एका लुथरन चर्चच्या शिवणक्लासमध्ये सोळा दिवस मशिनी दुरुस्त करणार आणि मग सात दिवस किलिमांजारो चढणार. पाळकसाहेब हसले, तरुण संघातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि खजिनदारांनी सरळ विचारलं, "म्हणजे नेमकं काय, सेवा की ट्रिप?"

प्रश्न बरोबर होता म्हणूनच जास्त लागला. मी आत्याला डॉ. कोटणीसांचं नाव सांगितलं, की आपल्याच सोलापूरचे, १९३८ ला चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला तिथेच वारले, वय फक्त ३२. आत्या म्हणाली, "ते डॉक्टर होते, आणि ते डोंगर चढायला नव्हते गेले." आता यावर काय बोलणार.

तर मी डॉक्टर नाही. गारमेंट लाईनमध्ये मशीन मेकॅनिक आहे, वडीलही तेच करायचे. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने किती आहेत हे सांगायला नको, त्यामुळे शिलाई मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणं ही आमच्या घरची विद्या. आणि डोंगराचं वेड कुठून आलं ते मलाच माहीत नाही, कारण आमच्याकडे डोंगर म्हणून काही नाहीच, सगळं सपाट, आणि वरून चव्वेचाळीस डिग्री. दर एक-दोन महिन्यांनी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणे आणि तिथून राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड असं पंधरा वर्षं चाललंय. किलिमांजारोची तयारी म्हणाल तर पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या, कारखान्याचे चार मजले पाठीवर कापडाचे तागे घेऊन वरखाली, आणि दोनदा कळसूबाई. कळसूबाई १६४६ मीटर आणि किलिमांजारो ५८९५, हे गणित मी घरी कोणाला सांगितलं नाही.

शिवणक्लासची माहिती आमच्या मंडळीतल्या एका ताईकडून मिळाली, ती काही वर्षं तिकडे टांझानियातल्या मोशी शहरात नर्स होती. ती म्हणाली की मशिनी दान आलेल्या पडून आहेत आणि बायका हाताने शिवतायत. तिनेच तिकडच्या पाळकांशी बोलणं करून दिलं. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नंतर तीन जणांनी फोन करून हेच विचारलं. टुरिस्ट व्हिसावर तिकडे फुकटचं काम केलेलंही चालत नाही. चर्चकडून पत्र मागवा आणि तो वेगळा परवाना रीतसर काढा, पैसे जातात पण झोप लागते.

आणि मी दोन वह्या केल्या. निळी वही सेवेची. मंडळींनी दिलेलं दान, त्यातून स्पेअर पार्ट, सुया, तेल, पट्टे. लाल वही डोंगराची, त्यात फक्त माझे पैसे, म्हणजे खरं सांगायचं तर भिशीचे. तिकडे नॅशनल पार्कची फीच दिवसाला सत्तर डॉलर, वर तंबूची वेगळी, रेस्क्यूची वेगळी, गाईड घेतल्याशिवाय चढूच देत नाहीत, तर हा सगळा खर्च कोणाच्या दानातून एक रुपयासुद्धा जाता कामा नये. तिकीट? अर्धं अर्धं करावं असं मला वाटत होतं पण खजिनदारांनी नुसतं बघितलं आणि मी ते लाल वहीत घातलं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून अदिस अबाबा, तिथून किलिमांजारो एअरपोर्ट. तेवीस किलोच्या बॅगेत अकरा किलो पाने, स्क्रू ड्रायव्हर, बॉबिन केस, शटल आणि चामडी पट्टे, सहा किलो कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी, बाकीचे कपडे. कस्टमच्या साहेबाने भाकरी हातात घेऊन टेबलावर वाजवून बघितली, लाकूड वाटलं असणार. मी मोडून खाऊन दाखवली तेव्हा हसला आणि जाऊ दिलं.

गाव माचामेच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर, सगळीकडे केळी आणि केळीच्या सावलीत कॉफी. इथे चग्गा लोक राहतात. लाइपझिग मिशनचे लोक १८९३ ला इथे आले, तेव्हापासून लुथरन चर्च, रविवारी आत बसायला जागा नसते. आमच्या सोलापूरच्या मंडळ्यांची मुळं अमेरिकन मराठी मिशनमध्ये, इकडे जर्मन. पण आत गेल्यावर तोच लाकडी बाकांचा वास आणि तीच मागच्या बाकावर बसणारी पोरं.

भाषेची भीती होती ती दोन दिवसांत गेली. कारण स्वाहिलीत अर्धं सामान आपल्या ओळखीचं निघतं! चाय, चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, विम्याला बीमा, कोशिंबिरीला काचुंबारी. वहीला दफ्तारी आणि हिशोबाला हेसाबू. काही अरबीतून गेलं, काही फारसीतून, काही आपल्या गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांबरोबर. गोंधळ फक्त एकाच शब्दाचा झाला, तो म्हणजे मामा. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात. क्लासच्या सेक्रेटरी, पन्नाशीच्या, धिप्पाड, डोक्याला फुलाफुलांचं कापड बांधलेल्या, आणि मी त्यांना दिवसभर "मामा, तो स्क्रू द्या" म्हणतोय. आमचे खरे मामा बार्शीला असतात, त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांना तो विनोद अजिबात आवडला नाही.

मला सगळे फुंदी म्हणायचे. फुंदी म्हणजे कारागीर. मला पहिल्यांदा वाटलं फुंदून फुंदून रडणारा म्हणतायत की काय.

आता मशिनी. एकूण अकरा, काळ्या पायमशिनी, त्यातल्या सात बंद. पहिलं मशीन उघडलं आणि कळलं काय झालंय ते. बायकांनी मशीन कडक फिरतं म्हणून प्रेमाने तेल घातलं होतं, पण स्वयंपाकाचं, सूर्यफुलाचं. ते तेल काही महिन्यांत आटून पिवळा डिंक होतं, त्यात कापडाचा भुगा आणि दोऱ्याचे तुकडे बसतात, आणि मग चाक असं अडकतं की दोन्ही हातांनी फिरत नाही. शटलच्या खोबणीत तर गाबोळीसारखा गोळा होता. मी सगळे पार्ट काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, सकाळी जुन्या टूथब्रशने घासले, पुसले, मशीनचं तेल दिलं, जोडलं, आणि मग सेक्रेटरी मामांना म्हटलं एका बोटाने चाक ढकला. त्यांनी ढकललं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि त्या खोलीतल्या चौदा बायकांनी जी आरोळी ठोकली, इइइइइ अशी जीभ हलवून, की बाहेर शाळेची पोरं पळत आली.

सात पैकी पाच चालू झाल्या. एकीची बॉडीच तडकलेली, ती सुट्या पार्टसाठी ठेवली, आणि एकीला जो शाफ्ट लागत होता तो मिळाला नाही. चालू असलेल्या चारपैकी दोघी टाका सोडत होत्या, तिथे काय, सुई उलटी बसवलेली. हे तर सोलापुरातही रोज बघतो.

पण चौथ्या दिवशी मला एक प्रश्न सुचला जो खरं तर निघायच्या आधी सुचायला पाहिजे होता. इथे कोणी फुंदी नाही का? तर आहे की! मोशीला बाजारात बसतो, चांगला कारागीर आहे, पण येण्याजाण्याचे आणि कामाचे पैसे घेतो आणि क्लासकडे तेवढे नसतात. म्हणजे मी हजारो किलोमीटरवरून विमानाने आलो आणि त्या माणसाच्या पोटावर पाय देतोय. फुकटात काम करणारा पाहुणा आला की गावातल्या कारागिराचं गिऱ्हाईक जातं, हे आपल्याकडे एखाद्या फुकट शिबिरानंतर होतं तसंच. मग निळ्या वहीतून त्याला दोन दिवसांची मजुरी देऊन बोलावलं, उरलेले पार्ट त्याच्याच दुकानातून घेतले, आणि दोघी हुशार बायकांना टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, लावायला त्यानेच शिकवलं, त्यांच्या भाषेत, मी नुसता बाजूला बसून पाने देत होतो. तो माझ्यापेक्षा बरा शिकवतो. माझ्या मते त्या सोळा दिवसांतलं सगळ्यात उपयोगी काम हे दोन दिवस, आणि त्यात माझा हात सगळ्यात कमी.

रविवारची गंमत सांगायची राहिली. तिकडे दानार्पणात लोक पैसे नसतील तर अंडी, केळी, कॉफी, कोंबडी असं काय असेल ते आणतात आणि उपासना झाल्यावर चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. आपल्याकडे हंगामाच्या सणाला होतो तसा, पण इथे नेहमीचा. मी सावलीत उभा होतो, कानाजवळ माशी आली, हात वर केला. पंधरा हजार शिलिंगला कोंबडी माझी. जिवंत. पाय बांधलेली. सगळे टाळ्या वाजवतायत, आता नाही कसं म्हणायचं. ती सोमवारी क्लासच्या जेवणात उगालीबरोबर गेली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, माझी कडक भाकरी खाऊन बायका म्हणाल्या हे तर बिस्कुटी आहे. संध्याकाळी मी दोन्ही वह्या समोर घेऊन बसलो. कोंबडी कुठे लिहायची? दान पण आहे, जेवण पण आहे, आणि चूक पण आहे. शेवटी निळ्या वहीत मागच्या पानावर 'इतर' असं नवीन खातं काढलं.

आणि मग डोंगर.

किलिमांजारोची एक गोष्ट मला जायच्या आधी माहीत नव्हती. याच्यावर बर्फ आहे हे बाहेरच्या जगाला सांगणारा पहिला युरोपियन माणूस एक मिशनरी होता, योहान्नेस रेबमान नावाचा जर्मन, ११ मे १८४८ ला त्याने लांबून तो पांढरा माथा बघितला आणि लिहून पाठवलं. लंडनच्या भूगोलवाल्या विद्वानांनी त्याला खोट्यात काढलं, विषुववृत्ताजवळ बर्फ असेल कसा म्हणून. माथ्यावर पोचायला पुढे १८८९ उजाडलं, हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर. खजिनदारांना ही रेबमानची गोष्ट मी मुद्दाम व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी अंगठा दाखवला, बस.

माचामे गेटवर पहिलं काम म्हणजे वजन. एका पोर्टरने वीस किलोच्या वर उचलायचं नाही असा नियम आहे, काट्यावर एकेक पोतं टांगून बघतात. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही चार चढणारे आणि आमच्यासाठी तेरा माणसं! गाईड, आचारी, पोर्टर. त्यातला एक पोरगा ओळखीचा निघाला, आमच्याच गावच्या क्वायरमध्ये गाणारा, सेक्रेटरी मामांचा भाचा. रविवारी मी त्याच्या शेजारी बसून गाणं म्हटलं होतं आणि आता तो माझी बॅग डोक्यावर घेऊन माझ्या पुढे. मी त्याला म्हटलं थोडी मला दे, तर त्याला रागच आला. हा त्याचा धंदा आहे, मी त्याच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं. मोशीच्या फुंदीवरून एकदा शिकलो होतो, परत तेच.

चढाईचं सगळं सांगत बसत नाही, त्याचे व्हिडिओ हजार आहेत. पहिला दिवस जंगल, चिखल, झाडांना लोंबणारं शेवाळ. गाईडचं एकच पालुपद, पोले पोले, म्हणजे हळू हळू, आणि ते इतकं हळू की आमच्या सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारणारे आजोबा पुढे जातील. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर, ४६०० मीटर, आणि मग परत खाली ३९०० च्या आसपास बारांकोला मुक्काम. चढायचं उंच आणि झोपायचं खाली, म्हणजे अंगाला विरळ हवेची सवय होते. माझं डोकं तिथे असं ठणकत होतं की जणू कोणी आत पायमशीन चालवतंय. जेवण जाईना. मग बॅगेतून भाकरी काढली, बाराव्या की तेराव्या... नाही, विसाव्या दिवसाची भाकरी, तशीच कडक, त्यावर शेंगाची चटणी. ती गेली. आचाऱ्याने चव घेतली, मग भाच्याने, मग तंबूबाहेर रांग लागली, आणि चटणी तिखट लागली की सगळे "पिलिपिली!" करून नाचायचे आणि परत हात पुढे करायचे. चटणीची बरणी त्या कॅम्पवर संपली. पुढच्या तीन दिवसांत मला तिची इतकी आठवण आली की काय सांगू.

तिथेच बसल्या बसल्या माझं लक्ष कपड्यांकडे गेलं. धंद्याची खोड, माणूस दिसायच्या आधी शिलाई दिसते. पोर्टर लोकांचे जॅकेट म्हणजे बहुतेक कोणीतरी चढून गेलेल्याने मागे दिलेले, माल चांगला, पण चेन गेलेली. एकाने सुतळीने बांधलेलं, एकाला तीन सेफ्टी पिना, भाच्याचं जॅकेट तर समोरून उघडंच, तो एका हाताने धरून चालायचा आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची बॅग. आणि चेन खरं तर गेलेली नसते हो. दहातल्या सात वेळा नुसता रनर, म्हणजे चेनवर वरखाली सरकतो तो तुकडा, सैल झालेला असतो, दाते ठणठणीत असतात. पकडीने दोन्ही बाजू हलक्या दाबल्या की चालते, नाहीतर नवीन रनर घालायचा, पाच मिनिटांचं काम. माझी पकड खाली गावात. मी नेलकटरने दोन जॅकेटं दाबून बघितली, एक जमलं.

शिखराची रात्र. बराफू कॅम्प, आणि बराफू म्हणजे बर्फच, हा पण आपल्या ओळखीचा शब्द. रात्री बारा वाजता निघालो, डोक्यावर टॉर्च, पाण्याची नळी गोठली, बोटं आहेत की नाहीत कळेना, अंगावर पाच थर. सोलापूरकराला ही थंडी समजावून सांगता येत नाही, आमच्याकडे डिसेंबरात सकाळी मफलर घातला तरी लोक विचारतात बरं नाही का. स्टेला पॉईंटला उजाडलं. ५७५६ मीटर. सूर्य ढगांच्या खालून आला, मावेंझीचं काळं टोक बाजूला. मी प्रार्थना करायची ठरवली होती, शब्द पाठ केले होते घरून, एकसुद्धा आठवला नाही. गाईडने माझ्या बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलं, बघितलं, हातमोजा काढून परत लावून बघितलं आणि म्हणाला, "फुंदी, खाली."

१३९ मीटर राहिले. उहुरू पीक, म्हणजे अगदी वरचं टोक, समोर दिसत होतं, बाकीचे तिघे गेले. मी भांडलो नाही, भांडायला दम पण नव्हता. आता सोलापुरात जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "वर पोचला का?" आणि मी नाही म्हटलं की "अरेरे" म्हणून विषय बदलतो. स्टेला पॉईंटचंसुद्धा सर्टिफिकेट मिळतं, ते मी फ्रेम केलंय, पण कपाटावर ठेवलंय, भिंतीवर नाही. बघू.

खाली आल्यावर माझ्याकडे तीन दिवस होते, मोशीत हॉटेलवर झोपून काढायचा बेत होता. पण भाच्याला मी जॅकेट घेऊन क्लासला ये म्हटलं होतं, आणि तो एकटा कशाला येतोय, नऊ जण आले, काहींकडे स्लीपिंग बॅगा पण. त्याच मोशीच्या फुंदीकडून वीस रनर आणि सहा लांब चेन आणल्या, ३१००० शिलिंग. मी एक करून दाखवलं, बाकीचे बायकांनी केले, दुरुस्त केलेल्या मशिनींवर. मामांनी आधीच सांगून टाकलं होतं की एका जॅकेटला हजार शिलिंग शिलाई पडेल, भाच्याला पण. भाच्याने तोंड वाकडं केलं, दिले. मामांनी त्यांची दफ्तारी काढली, समास आखला आणि क्लासच्या खात्यात ते लिहून घेतलं, माझ्याकडे वळवून दाखवलं, हेसाबू. पोर्टर लोक आता डोंगरावरून आले की तिथे कपडे टाकतात असा मामांचा परवा मेसेज होता, सोबत मशीनचा व्हिडिओ. मी आवाज ऐकला, तीन नंबरच्या मशीनचा पट्टा सैल झालाय, कळवलं.

परत आल्यावर कमिटीपुढे निळी वही ठेवली. पावत्या लावलेल्या, स्वाहिलीतल्या, प्रत्येकीखाली मराठीत अर्थ. सगळं बरोबर निघालं. खजिनदारांचं बोट त्या ३१००० शिलिंगवर थांबलं. "हे काय?" मी सांगितलं. चष्मा वर करून ते म्हणाले, "पोर्टर म्हणजे तुझ्या बॅगा उचलणारे ना? मग हा डोंगराचा खर्च झाला." मी म्हटलं शिवलं क्लासच्या बायकांनी, शिलाई त्यांना मिळाली. "मग सेवेचा." पाळकसाहेब म्हणाले अर्धं अर्धं करा. कोणीतरी म्हटलं असं अर्धं केलं तर ऑडिटला काय सांगायचं. चहा आला, संपला, विषय तिथेच. आत्या महिला मंडळाच्या वतीने बसली होती, इतका वेळ गप्प, तिने वही ओढून मागचं पान उघडलं आणि म्हणाली,

"त्या कोंबडीच्या खाली लिहा की ओ, आणि पुढचा विषय घ्या."